उसवलेल्या बाणाची भोकं

खुर्च्या ऐंशी, माणसं दीडशे, आणि सगळ्यांचे डोळे एकाच पडद्यावर. पडद्यावर एक काळी रेषा डोंगरदऱ्यांसारखी वरखाली धावत होती. जिथे दरी, तिथे तळाशी हिरवा बाण. जिथे शिखर, तिथे माथ्यावर लाल बाण. एकही बाण इकडचा तिकडे नाही.

"मोजा!" बाणवाले सर गरजले. "मोजा आणि सांगा, एक तरी बाण चुकलाय का?"

लोक मोजू लागले. पाववाल्यानं बोटांवर मोजले, नर्सबाईंनी ओठ हलवत मोजले. सव्वीस बाण, आणि चूक शून्य. हॉलभर असा उसासा उठला, जणू दीडशे जणांच्या डोक्यावरचं ओझं एकदम उतरलं.

"बाजार खोटं बोलेल. बातमी खोटं बोलेल. आरशालासुद्धा माझा भरवसा नाही." सरांनी टकलावरून हात फिरवला, लोक हसले. "पण हा 'अचूकबाण' इंडिकेटर आहे! चौदा दिवसांची रेषा, एकवीस दिवसांची रेषा, पंचावन्न दिवसांची रेषा, तिन्ही उकळून, गाळून काढलेला अर्क! हिरवा दिसला की घ्या, लाल दिसला की विका. मध्ये डोकं चालवू नका."

डोकं चालवायचं नाही, हे तर लोकांना फारच पटलं.

दुसऱ्या रांगेत शिवणखोलीची ताई बसली होती. तिचे डोळे बाणांवर कमी आणि हॉलच्या मागच्या बाजूला जास्त होते. तिथे यंत्रापाशी तिचा धाकटा भाऊ बसला होता. सरांनी बोट उचललं की तो कळ दाबायचा आणि पडद्यावर नवा शेअर उगवायचा. तो पडदाही ताईनंच शिवला होता, दोन पन्हे जोडून. मधली शिवण शोधूनही सापडायची नाही. सरांचं जाकीटही तिच्याच हातचं. सहा खिसे मागितले होते त्यांनी. तेव्हा तिला हसू आलं होतं, शंका आली नव्हती.

शंका यायची कशी? धाकटा सोबत होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ती सोळाची. त्याचा पहिला सदरा तिनं आईच्या जुन्या पातळातून काढला. तेव्हापासून आजवर त्याचं माप तिनं टेपनं कधी घेतलंच नव्हतं. नजरेनं बघायची आणि कात्री चालवायची. बाही कधी बोटभर आखूड झाली नाही.

शिवणखोलीत सहा बायका होत्या. कापणारी ताई, काजं करणारी काजेमावशी आणि मशीनवरच्या चौघी. खोली भाड्याची होती. मालकानं निक्षून सांगितलं होतं, "पुढच्या महिनाअखेर तुम्ही विकत घ्या, नाहीतर मी दुसऱ्याला देतो." सात वर्षं बाजूला टाकलेले पैसे दोन तृतीयांश भरत होते. उरलेलं कुठून आणायचं?

"एका हिरव्या बाणाचं काम," सर म्हणाले होते. ठरलं. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहा जणींनी खोलीचे पैसे सरांच्या हाती द्यायचे आणि सरांचा सत्कार करायचा. सत्कारात फुलं कशाला द्यायची? ताई म्हणाली, "आपण बाण भरू. कापडावर. काळ्या दोऱ्याची रेषा, हिरवे-लाल बाण. भिंतीवर लावतील."

बुधवारी सकाळी धाकटा लॅपटॉप घेऊन खोलीत आला, तसा ताईनं त्याच्या पडद्यावर खाक्याचा पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिलीनं रेषा उतरवून घेतली. शेवटचा हिरवा बाण मंगळवारचा, अगदी ताजा. कागदाच्या कोपऱ्यात तिनं तारीख घातली.

"सही कर."

"मी? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"ह्या खोलीतून सहीशिवाय कागद कात्रीखाली जात नाही, माहीत आहे ना तुला?"

ती त्या खोलीची जुनी रीत होती. फार वर्षांपूर्वी एका बाईनं माप स्वतःच चुकीचं सांगितलं आणि अख्खा कोट ताईच्या गळ्यात मारला. तेव्हापासून ज्याचं माप, त्याची तारखेखाली सही. धाकट्यानं हसत, शेपटी काढून झोकदार सही ठोकली.

कापड ताणून बसवलं. घट्ट विणीचं, पांढरंशुभ्र. काजेमावशी सुईत दोरा ओवत गुणगुणायला लागली,

"सुई चालते पुढं गं, दोरा तिच्या पाठी पाठी
भावाच्या सदऱ्याला बाई, जीव गुंफिला गं गाठी."

काजेमावशीचा आवाज त्या दिवशी फारच खुलला होता. मंगळवारी दुपारी हॉलमध्ये हिरवा बाण उगवताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिथल्या तिथे धाकट्याच्या मदतीनं तिनं आपली सगळी पुंजी त्या शेअरमध्ये घातली होती. म्हातारपणी दातांची कवळी बसवायची होती तिला. "एकदा का दात आले," ती म्हणाली, "की सुनेशी भांडताना माझे शब्द बाहेर सांडायचे नाहीत."

शेअर मात्र पडला. गुरुवारी पडला, शुक्रवारी पडला, सोमवारी तर धापकन पडला.

मंगळवारी काजेमावशी हॉलमध्ये उभी राहिली. "सर, हिरवा बाण बघून घेतला हो मी. निम्मं गेलं."

"निम्मं? इतक्यात?"

"आठवड्यात."

सरांनी बोट उचललं. पडद्यावर तोच शेअर आला. "कुठे आहे बाण, आजी? दाखवा."

काजेमावशी पुढे गेली, डोळे बारीक करून बघत राहिली. मागच्या मंगळवारी बाण नव्हताच. बाण होता कालच्या सोमवारी, पार तळाशी, हिरवागार.

"बाण इथे आणि आजी तिथे!" सर हसले, हॉल हसला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बाण लागायच्या आधीच उडी मारलीत. दोष बाणाचा की उडीचा?"

"उडीचा!" हॉल एका सुरात म्हणाला.

काजेमावशी खाली बसली. "म्हातारी झाले गं," ती पुटपुटली. "दिसलं काय, समजले काय." त्या आठवड्यात तिनं गाणं म्हटलं नाही.

बुधवारी ताईनं ताजा खाका काढला, कारण रेषा पुढे सरकली होती आणि कापडावर ती वाढवायची होती. सहीही घेतली. मग जुना कागद नव्यावर ठेवून सरकवला. रेषेवर रेषा बसली, चोवीस जुने बाण बसले, पंचविसावा नि सव्विसावाही बसला. पण शेवटचा, मंगळवारचा हिरवा बाण नव्या कागदावर नव्हताच. तो बाजाराचे चार दिवस पुढे, दोन बोटं खाली गेला होता.

"अरे, मी चुकीचा उतरवला की काय?"

धाकट्यानं कागदाकडे नीट पाहिलंही नाही. "तसंच झालं असेल."

तीस वर्षांत ताईचा खाका चुकला नव्हता. तरी तिनं निमूटपणे हिरवा बाण उसवला आणि नव्या जागी भरला. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. बाण आणखी पुढे, आणखी खाली. पुन्हा उसवला, पुन्हा भरला.

"पुन्हा माझाच हात चुकला?" तिनं विचारलं.

"ताई," धाकटा हळुवार आवाजात म्हणाला. तो हळुवारपणा तिला पुढे कित्येक दिवस टोचत राहिला. "तुझे डोळे आता साथ देत नाहीत गं. वय झालं. चष्मा बदलून घे."

कापणारणीला असं म्हणणं म्हणजे गवयाला तुझा कान गेला म्हणणं. त्या दुपारी ताईनं कात्री हातात घेतली आणि एका कोटाच्या कापडावर नुसती धरून ठेवली. कात्री चालेना.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी भिंतीवरची दिव्याची पेटी लावली. मोठ्या अक्षरापासून मुंगीएवढ्या अक्षरापर्यंत. ताईनं शेवटची ओळ घडाघडा वाचली. डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून पुन्हा वाचून घेतली, बुबुळात उजेड टाकून पाहिलं.

"नंबर तोच. तीन वर्षांत तसूभर फरक नाही. डोळे गेले म्हणून कुणी सांगितलं?"

"भावानं."

"डोळ्यांचा डॉक्टर आहे का तो?"

"नाही. बाणांचा." आणि तिनं पिशवीतून तिन्ही खाके काढले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी अक्षरांचा तक्ता सरकवला आणि तिन्ही पातळ कागद, रेषेवर रेषा जुळवून, त्या दिव्याच्या पेटीवर धरले. उजेड आरपार आला. रेषा एक. जुने बाण एकेक. आणि शेवटी तीन हिरवे बाण, एकाखाली एक, पायऱ्या उतरल्यासारखे.

"तुमचा हात चुकला नाही, बाई. बाण पळालाय."

"बाण कसा पळेल?"

"हा तळ आहे, हे मंगळवारी कुणाला कळणार? उद्या भाव आणखी खाली गेला, तर मंगळवार तळच उरत नाही. मग हे यंत्र मंगळवारचा बाण गुपचूप उचलतं आणि नव्या तळाशी नेऊन ठेवतं. भाव वर फिरेपर्यंत सरकवत राहतं. एकदा भाव फिरला की बाण तिथेच पक्का. म्हणून जुने सगळे बाण अचूक दिसतात. ते मागाहून लावलेले असतात."

डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता परत जागेवर आणला.

"आधी मी ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग पेशंटनं वाचली, तर त्याला मी नजर म्हणत नाही."

"मग ह्या सगळ्याच रेषा लबाड?"

"सगळ्या बाण उचलत नाहीत. सरासरीची साधी रेषा प्रामाणिक असते बिचारी. पण ती बनते कालपर्यंतच्या भावांतून. काल काय झालं ते सांगते, उद्या काय होईल हे तिला काय ठाऊक?"

"म्हणजे भाव ही सुई," ताई हळूच म्हणाली, "आणि रेषा हा दोरा. दोरा बघून सुई कुठून गेली ते कळतं. कुठे जाणार, ते नाही."

"हे मला सुचलं असतं तर मी फी दुप्पट घेतली असती," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी त्या दिवशी फी घेतलीच नाही.

शनिवारी दुपारी बाकीच्या जणी जेवायला गेल्या होत्या. धाकटा उद्याच्या कार्यक्रमाच्या तारा गुंडाळत होता. ताईनं त्याच्यापुढे तीन कागद ठेवले. तिन्हींच्या कोपऱ्यात त्याची शेपटीवाली सही.

"तुला माहीत होतं?"

"ताई, त्या आतल्या गोष्टी असतात, तुला..."

"होय की नाही?"

तार त्याच्या हातात गुंडाळायची थांबली. "सेटिंगमध्येच असतं ते. लोकांना अचूक बघायलाच आवडतं. आम्ही काय कुणाला जबरदस्ती करतो?"

"आणि माझे डोळे?"

त्यानं तार पुन्हा गुंडाळायला घेतली.

"माझ्या डोळ्यांचं का बोललास रे?"

"तू दोनदा विचारलंस," तो खाली बघत म्हणाला. "काहीतरी सांगायला नको?"

ताईला वाटलं, पैसे मागितले असते तर दिले असते. खोली मागितली असती तरी कदाचित दिली असती. पण ज्या नजरेनं त्याला खांद्याएवढा होताना मापला, त्याच नजरेत त्यानं धूळ टाकली. आणि वर चष्मा बदल म्हणाला.

"उद्याचा एवढा रविवार पार पडू दे," तो अजिजीनं म्हणाला. "खोलीच्या पैशातला दहावा हिस्सा सर मला देणार आहेत. मी तुलाच आणून देणार होतो, आईशप्पथ."

"माझ्याच ताटातलं उचलून मलाच वाढणार होतास?"

ताईनं कागद घडी करून पिशवीत टाकले आणि कात्री उचलली. ह्या वेळी कात्री सरसर चालली.

रविवारी हॉल फुलांच्या हारांनी सजला होता. सर सहाखिशी जाकीट घालून उभे होते.

"आमच्या भगिनींनी आज खास भेट आणली आहे! त्यांनी बाण भरलाय, सुईनं! बाजाराची नाडी आणि भगिनींची..."

"सर, जरा खिडकी उघडू का?" ताई म्हणाली. उत्तराची वाट न पाहता काजेमावशीनं खिडकी उघडली. ऊन आत घुसलं, तसे पडद्यावरचे बाण फिके पडले. चौघींनी चार कोपरे धरले आणि भरलेलं कापड खिडकीशी ताणलं.

काळी रेषा, सव्वीस बाण, आणि अगदी तळाशी सत्ताविसावा हिरवा बाण. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा. टाळ्या नंतर. तो शेवटचा हिरवा बाण बघा. आता त्याच्या वर बघा, डाव्या हाताला. काय दिसतं?"

पाववाला जवळ आला, वाकला. "भोकं आहेत बारीक. उजेड येतोय."

"कसल्या आकाराची?"

"बाणाच्या." तो आणखी वाकला. "अहो, त्याच्याही वर अजून एक!"

"पहिला बाण मंगळवारी इथे होता," ताई म्हणाली. "आमच्या मावशीनं तो पाहून पैसे घातले. मग तो इथे आला. मग इथे. दर वेळी मी उसवला, दर वेळी वाटलं, मीच चुकले. पण टाका उसवला तरी कापडाला भोक राहतं, सर. तुमच्या पडद्याला राहत नाही, एवढाच फरक."

काजेमावशीनं कमरेची घडी सोडून खरेदीची चिठ्ठी काढली. तारीख मंगळवारची. पहिल्या खाक्यावर तारीख बुधवारची आणि मंगळवारच्या तळाशी बाण. पाववाल्यानं दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवलं.

सरांचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच खुलला. "भगिनींचा हात हलला असेल! उतारवय..."

"सही कोणाची आहे ती बघा ना," ताई म्हणाली.

कागद हातोहात फिरला. शेपटीवाली सही हॉलमधल्या सगळ्यांनी धाकट्याच्या पावत्यांवर पाहिली होती. एकेक मान मागे वळली, यंत्राकडे.

"मुला," सर दातओठ खात गोड आवाजात म्हणाले, "सांग ह्यांना."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं.

"सह्या माझ्याच आहेत," तो म्हणाला. "तिन्ही."



"आता शेवटचं," ताई म्हणाली. पिशवीतून तिनं शिंप्याचा निळा खडू काढला आणि पडद्यापाशी गेली. "हा पडदा माझ्या हातचा आहे. आज जिथे बाण दिसतो, तिथे खूण करते. कुठलेही दहा शेअर लावा. खाली तारीख आणि तुमची सही. महिन्यानं सगळे जमू आणि बघू, किती बाण जागेवर आहेत. आहे कबूल?"

सरांनी घड्याळ पाहिलं. मग छत पाहिलं. "इथे नकारात्मक लहरी फार आहेत," ते म्हणाले. "अशा वातावरणात बाण चालत नाही."

"चालतो की," पाववाला म्हणाला. "चालतो म्हणूनच तर तक्रार आहे!"

हसण्याचा जो लोट उठला त्यात मागे कुठेतरी रडण्याचा एक सूरही होता, नर्सबाईंचा. त्यांनीही मंगळवारीच घेतले होते आणि आजवर स्वतःलाच दोष देत आल्या होत्या. खुर्च्या सरकल्या, आवाज चढले, आणि त्या गोंधळात सहा खिसे मागच्या दारानं निघून गेले.

काजेमावशीची पुंजी परत आली नाही. ती अजून शब्द सांडतच सुनेशी भांडते. खोली मात्र राहिली. उरलेली रक्कम भाड्यासारखी हप्त्यानं घ्यायला मालक तयार झाला. कुठलाही बाण पाहून नव्हे, तर सहा बायका दिवसभर त्याच्या पायरीवर शिवण घेऊन बसल्या म्हणून.

ते कापड आता शिवणखोलीच्या खिडकीवर लावलं आहे. त्या दोन जागा ताईनं पुन्हा भरल्या नाहीत. सकाळी त्यातून उजेडाचे ठिपके कापायच्या टेबलावर पडतात. कुणी विचारलं तर ताई कात्री न थांबवता सांगते, "कुणीही येऊन म्हणालं की मला उद्याचं दिसतं, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला हात जोडू नका. उद्याचं काय ते आजच लिहून मागा. तारीख घाला, सही घ्या, आणि कागद आपल्यापाशी ठेवा, त्याच्यापाशी नको. मग किती चुकलं तेही मोजा, नुसतं किती जुळलं ते नको. आणि तुमच्याच डोळ्यांनी बघितलेलं कुणी खोटं पाडायला लागला, तर आधी त्याचे खिसे मोजा."

चार महिन्यांनी धाकटा आला. एका दुकानात हिशेब लिहायचं काम लागलं होतं. दारातच उभा राहिला, हातात साधं कापड.

"कामावर घालायला सदरा हवाय, ताई. माझं माप आहे ना तुझ्याकडे?"

मशीनची घरघर थांबली. काजेमावशीनं सुई वरच्या वर धरली.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तो बारीक झाला होता; खांदे उतरले होते. नजरेला सगळं दिसत होतं, बोटाबोटाचा हिशेब लागत होता. तिनं गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर," ती म्हणाली.

त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत, छातीभोवती, गळ्याभोवती, आयुष्यात पहिल्यांदा ती टेप फिरली. तिनं एकेक आकडा कागदावर लिहिला. तारीख घातली. मग पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"सही कर."